मांडवात दाखवलेले हात

४ ऑगस्ट १९८०, सोमवार

वर्ग सुरू झाले. दैनिकातली उपसंपादकाची खुर्ची सोडली तेव्हा सहकाऱ्यांनी मला वेड्यात काढले होते. त्यांनी आज यायला हवे होते. विणकर शिक्षण मंडळाने इतवारीच्या मागच्या अंगाचे आपले सुताचे जुने गोदाम झाडूनपुसून दिले आहे. अर्ध्या भागात माझा माध्यम-निर्मितीचा वर्ग, म्हणजे छायाचित्रण, स्लाइड, ध्वनिमुद्रण आणि थोडे लेखन. उरलेल्या अर्ध्यात रुग्णसेवेचा वर्ग. मध्ये पोती शिवून केलेला पडदा. मंडळाचे अध्यक्ष भैयाजी यांनी नारळ फोडला आणि भाषण केले नाही, हे त्यांचे उपकार.

माझ्याकडे मुलगे, पलीकडे बायका आणि मुली. खरे आकर्षण माझ्या वर्गाचे आहे हे पहिल्याच दिवशी दिसले. बायका आत शिरताना थबकून माझ्या टेपरेकॉर्डरकडे पाहत होत्या. वायर त्यांच्या वाटेत होती, हेही खरे.

रुग्णसेवा शिकवणाऱ्या पुष्पलताबाई धंतोलीच्या एका खासगी इस्पितळात उभा जन्म काढून निवृत्त झाल्या आहेत. त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. पडद्यापलीकडून त्यांचा पहिला नियम ऐकू आला: पलंगाला हात लावायच्या आधी बोटांत, मनगटात काही नको. अंगठी नको, घड्याळ नको, बांगडी नको. काच फुटली तर रोग्याच्या कातडीत जाते. पलीकडे जरा चुळबूळ झाली. मला शिस्त आवडली. तिरप्या प्रकाशात काच चमकते, तो त्रासही आपोआप टळेल.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मुलांना मुलाखत घ्यायला शिकवण्यासाठी रुग्णसेवेतल्या एका बाईला बोलावले. सुभद्रा नाव. तिचा नवरा चंद्रभान सोनकुसरे हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जातो. घरी सासू, सासरे. दोन मागांपैकी एक मोडून त्या जागी पलंग टाकला आहे, दुसऱ्यावर सासरे विणतात. मुलांनी विचारले, हा कोर्स काहून करता. तिने टेपच्या फिरत्या चकत्यांकडे पाहिले. मग म्हणाली, "मले मागावर परत नाही बसायचं. सिस्टर म्हणते, कागद हाती आला तर धंतोलीत काम भेटते. मले तेच पाहिजे."

उत्तर छोटे आणि नेमके. मुलांना सांगितले, असे उत्तर मिळाले की पुढचा प्रश्न विचारू नये.

सिस्टरांची ती सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी आहे. बाकीच्या लग्न झालेल्या बायका बांगड्या कोपराकडे सरकवतात आणि सिस्टर कुरकुरत चालवून घेतात. सुभद्रा मात्र वर्ग सुरू व्हायच्या आधी नळामागे जाऊन साबण लावून सगळ्या काढते, रुमालात बांधते आणि घरी निघताना तिथेच मागे जाऊन परत चढवते. एकटीच जाते. लाजाळू आहे. रोजचा हा वेळ वाया जातो असे मी सुचवले, एकदाच्या काढून घरीच का ठेवत नाही म्हणून. ती नुसती हसली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कार्यक्रम ठरला. 'घरच्या घरी शुश्रूषा' नावाची स्लाइडमाला, सोबत टेपवर निवेदन. नवरात्रात भैयाजींच्या मोहल्ल्यात देवीच्या मांडवात दाखवायची. पुढच्या तुकडीला विद्यार्थी मिळतील आणि लोकांना कळेल की गोदामात आम्ही करतो काय.

आज फोटो काढले. गोदामाच्या उंच खिडकीतून दुपारी एक पट्टा खाली येतो. त्या पट्ट्यात पितळी घमेले ठेवले आणि सुभद्राला हात धुवायला सांगितले. तिने विचारले, "थोबाड दिसन का, सर?" मी म्हणालो, नाही, फक्त हात. मग ती निर्धास्त झाली.

फोटो मी घेतला, मुलांनी पाहिले. मनगटापासून बोटांपर्यंत फेस, निथळणारे पाणी, मागे पूर्ण काळोख. मला वाटते एवढ्या वर्षांत दैनिकाच्या पहिल्या पानावर असा फोटो आला नाही. संध्याकाळी फिल्म धुऊन पुष्पलताबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, धुण्याची पद्धत बरोबर आहे. त्यांच्याकडून एवढेच मिळते.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी, पण मुलांना बोलावून निवेदन ध्वनिमुद्रित केले. बाहेर हातगाड्यांची घरघर असते म्हणून दारे लावून, पोती अंथरून. एका मुलाचे वाचन चांगले आहे. त्याने एका ठिकाणी 'सौभाग्यवती सुभद्रा' असे वाचले. मी थांबवले. छापील मजकुरात श्री., सौ. लावत नाहीत, नाव पूर्ण द्यावे, उपाधी काढावी. शिवाय ज्याचा फोटो त्याचे नाव दिलेच पाहिजे, निनावी फोटो छापणे ही चोरीच. म्हणून हातांच्या चित्रावर वाक्य असे बसवले: "हे हात आहेत आमच्या विद्यार्थिनी सुभद्रा चंद्रभान सोनकुसरे यांचे." नंतर मुद्दाम थोडी शांतता, फक्त पाण्याचा आवाज. तो मी तांब्याने केला.

सुभद्राला आधी सांगितले नाही. मांडवात अचानक आपले नाव ऐकून आनंद होईल.

१५ ऑक्टोबर, बुधवार

यश. दुसरा शब्द नाही.

आरतीनंतर मांडवात देवीच्या डाव्या अंगाला पांढरे धोतर ताणून बांधले. मोहल्ला लोटला होता. पुढे लेकरे, मग बायका, मागे पुरुष. बाहेर दोन टेम्पो थांबले, त्यांच्या टपावर माणसे. पहिल्या चित्रांना हसणे-खिदळणे. थर्मामीटर दाखवला तेव्हा कुणीतरी ओरडले, त्याले काय बिडी पाजून राहिले का. मग हातांचे चित्र आले. धोतरभर दोन हात, आणि सुभद्राचे नाव, आणि पाण्याचा आवाज. पूर्ण मांडव गप्प झाला. लेकरेसुद्धा. मी जन्मात अशी शांतता ऐकली नाही. एक चित्र एवढे करू शकते हे मी मुलांना वर्गात सांगत होतो, आज त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

पुढची चित्रे तशीच शांततेत गेली. मध्येच बायकांमधला एक घोळका उठून गेला, स्वयंपाकाची वेळ असावी. सुभद्रा कुठे दिसली नाही. शेवटी भैयाजी नुसते "झालं ना?" म्हणाले आणि धोतर सोडायला लागले. भारावले होते.

माझी बायको चंद्रकला परतताना रिक्षात काही बोलली नाही. डोके दुखत असावे. मांडवात उदबत्त्या फार होत्या. घरी जेवताना मीच बोलत होतो.

२२ ऑक्टोबर, बुधवार

दसऱ्यानंतर वर्ग पुन्हा भरले. पडद्यापलीकडे निम्म्याच बायका. दिवाळीची साफसफाई असते, समजू शकतो. सुभद्राही नाही. पुष्पलताबाई माझ्याशी बोलत नाहीत. चित्राचे फार कौतुक झाले याचा त्यांना थोडा त्रास झाला असेल. माणूस आहे, होते. मी मनात ठेवत नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज जे कळले ते लिहायला बसलो आहे आणि कुठून सुरू करावे ते समजत नाही.

दुपारी चंद्रभान गोदामात आला. पहिल्यांदाच भेट. कंपनीच्या बसमधून उतरून तसाच आला होता, अंगावर कारखान्याचा खाकी शर्ट. मी खुर्ची दिली, चहा मागवला, चित्राबद्दल अभिनंदन केले. त्याने चहा घेतला. मग म्हणाला, "सर, मी जिवंत हाओ."

मला काही कळेना. तो सांगत गेला, चिडून नाही, थोडा हसूनच. बसमध्ये पोट्टे त्याला जागा देतात आणि म्हणतात, बसा, तुमचा आत्मा दमला असन. मोल्डिंगचा फोरमन रोज विचारतो, तेरवी कधी हाये, आम्हाले सुटी टाकावी लागते. "मले काही वाटत नाही, सर. मजाक हाये. पन मायले झोप नाही."

मी विचारले, सुभद्रा का येत नाही. तो म्हणाला, माय म्हणते येऊ नको. का म्हणते, हे मी त्यालाच विचारले. त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी त्याची थट्टा करतो आहे असे त्याला वाटले असावे. चहाचा कप खाली ठेवून तो गेला.

घरी येऊन चंद्रकलेला सांगितले. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मोकळे हात दाखवले तुम्ही. नवऱ्याचं नाव घेऊन. देवीसमोर, नवरात्रात."

मग मला दिसले. आतापर्यंत त्या चित्रात मी फक्त प्रकाश पाहत होतो.

मी म्हणालो, तुला त्याच दिवशी कळले होते, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही इतके आनंदात जेवत होता."

२६ ऑक्टोबर, रविवार

चूक झाली की दुरुस्ती छापायची, हा माझा धंद्यातला धर्म आहे. रात्रभर विचार करून मजकूर तयार केला. सकाळीच सोनकुसरेंच्या घरी गेलो.

रंभाबाई, म्हणजे सुभद्राच्या सासू, ओसरीत बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होत्या. हातात हिरव्या बांगड्या, चरखा फिरला की वाजत. आत सासरे मागावर, त्यांची ठकठक मी असेपर्यंत थांबली नाही. सुभद्रा आतल्या दारात आली आणि मागे झाली. तिच्या हातांत बांगड्या नेहमीपेक्षा जास्त होत्या.

रंभाबाईंनी बसा म्हटले नाही. चरखा न थांबवता विचारले, "का गा मास्तर, माहा पोरगा मेला का?"

मी म्हणालो, नाही, देवाच्या कृपेने ठणठणीत आहे, काल मला भेटला. मग समजावून सांगितले. बांगडीखाली मळ साठतो, मळात जंतू वाढतात, काच फुटली तर रोग्याला इजा होते. ही शास्त्राची बाब आहे, यात शुभ-अशुभ काही नाही. माझे बोलणे त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मग मी दुरुस्तीचे सांगितले. दिवाळीत पुन्हा एकदा मोहल्ला जमवायचा, तेच चित्र दाखवायचे, आणि टेपवर स्पष्ट खुलासा करायचा की चित्रातील हात ज्यांचे आहेत त्या सौभाग्यवती असून त्यांचे पती हयात आहेत.

चरखा थांबला.

"म्हंजे ज्याइले समजलं नोतं," रंभाबाई म्हणाल्या, "त्याइलेई समजावून सांगता."

आत माग चालू होता. मी म्हणालो, आपण दोघे मिळून मजकूर ठरवू. त्या म्हणाल्या, "तुमी घरी जा, बाप्पा." आवाज मऊ होता. मला वाटते, निम्मे काम झाले.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

निम्मे काम झाले नाही. आज रुग्णसेवेच्या वर्गात चारच बायका. भैयाजी येऊन गेले. म्हणाले, मोहल्ल्यातले लोक त्यांना विचारतात, तुमच्या शाळेत बायकांचे चुडे उतरवतात का. दिवाळीनंतर संख्या अशीच राहिली तर तो वर्ग बंद करावा लागेल. माझा चालू राहील. हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते.

पुष्पलताबाईंना मी रविवारचा वृत्तान्त सांगितला. त्या पट्ट्या गुंडाळत होत्या. खुलाशाच्या जागी आलो तेव्हा त्यांचे हात थांबले. "तुम्ही हे त्यांना बोलून आलात?" मी होय म्हणालो. त्यांनी पट्टी पूर्ण गुंडाळली, टोक खोचले, डब्यात ठेवली. म्हणाल्या, "आता मी जाते. तुम्ही मात्र जाऊ नका. चहाचं निमित्त काढून पण जाऊ नका."

मी विचारले, त्या रंभाबाईंना काय सांगणार आहेत. नियम सोडणार आहेत का. त्या म्हणाल्या, नियम सोडायचा प्रश्न नाही. सुभद्राचा एक हात इस्पितळात आत गेला की दुसऱ्या दिवशी तिच्यासारख्या दहा विचारायला येतील, आणि ती घरी बसली तर एकही यायची नाही. मग म्हणाल्या, ते दहाचं मरू द्या. या मुलीला पेशंटचा त्रास हाताला कळतो. असं क्वचित असतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

पुष्पलताबाई शनिवारी दुपारी सोनकुसरेंकडे गेल्या त्या दिवेलागणीला परतल्या. काय बोललात, विचारले. "गुडघ्यांबद्दल," त्या म्हणाल्या. रंभाबाईंचे गुडघे धरतात. मी म्हणालो, आणि सुभद्राबद्दल? त्या म्हणाल्या, तिचा विषय निघाला नाही.

मला हा वेळेचा अपव्यय वाटला. त्यांनी एवढे मात्र सांगितले की रंभाबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरून उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, तुमी नेहमी असेच राहता का. पुष्पलताबाई म्हणाल्या, वयाच्या अठराव्या वर्षापासून. मग रंभाबाईंनी त्यांना जेवायलाच बसवले.

पुष्पलताबाईंच्या मनगटांत काही नसते हे मी आज प्रथम पाहिले. घड्याळ त्या पदराला पिनेने लावतात. तीन महिने मी त्यांच्या शेजारी शिकवतो आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी झाली. सुभद्रा आली.

पण अट घालून. रंभाबाईंनी सांगितले आहे, ऐकायला जा, पाहायला जा, हात लावायचा नाही. बांगड्या उतरवायच्या नाहीत. म्हणून ती पलंगापासून दूर भिंतीला टेकून बसते आणि बाकीच्या जणी चादर बदलतात, पाठीखाली हात घालतात, ते पाहते. आज एकीने रोग्याला, म्हणजे दुसऱ्या विद्यार्थिनीला, चुकीच्या कुशीवर वळवले तेव्हा सुभद्राचे हात मांडीवरून उठले आणि तिने ते पदरात घेतले.

तिला पाहून आणखी काही बायका परतल्या. भैयाजींना संख्या कळवली. वर्ग बंद होणार नाही. संकट टळले असे म्हणायला हरकत नाही.

चंद्रकलेला हे सांगितले तर ती म्हणाली, "कुणाचं?"

६ डिसेंबर, शनिवार

परीक्षेचे पत्र आले. पुढच्या रविवारी. बाहेरच्या परीक्षक बाई येणार, सरकारी इस्पितळात शिकवतात, कडक आहेत अशी ख्याती. लेखी थोडे, प्रात्यक्षिक जास्त. प्रात्यक्षिकात रोगी म्हणून विद्यार्थिनी चालणार नाही. ज्याची त्याने घरची किंवा शेजारची व्यक्ती आणावी. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी मंडळ रोगी देईल. भैयाजींनी त्यासाठी बाजारातल्या हमालांपैकी दोन म्हातारे तयार ठेवले आहेत. एका जागी पडून राहायचे म्हटल्यावर ते आनंदाने आले.

प्रात्यक्षिक दिले नाही तर प्रमाणपत्र नाही. पुष्पलताबाईंनी सुभद्राला सर्वांसमोर सांगितले, तिला आणि मला दोघांना ऐकू यावे अशा आवाजात. "सिस्टर, मले सगळं येते," सुभद्रा म्हणाली. पुष्पलताबाई म्हणाल्या, "मला माहीत आहे. त्यांना कसं माहीत होणार?" सुभद्राने विचारले, रोगी कोण. पुष्पलताबाईंनी हमालांचे सांगितले.

सुभद्रा घरी गेली. हे घरी सांगेल की नाही, मला कळत नाही. मी पुन्हा एकदा रंभाबाईंना भेटावे का, असा विचार मनात आला. पुष्पलताबाईंना मी विचारलेही नाही.

१४ डिसेंबर, रविवार

सगळे क्रमाने लिहितो, म्हणजे सुटणार नाही.

सकाळी थंडी होती. गोदामात शेगडीवर पाण्याचे पातेले. परीक्षक बाई वेळेवर आल्या, खुर्चीवर बसल्या, पाय जमिनीला टेकलेले आणि हातात पेन्सिल. मला वेळ सांगण्याचे काम दिले होते म्हणून मी पडद्याच्या अलीकडे घड्याळ घेऊन उभा. तोंड-हात-पाय पुसणे आणि रोगी पडलेला असताना चादर बदलणे, एवढे करून दाखवायचे होते. पहिल्या बायका झाल्या. एका म्हाताऱ्या हमालाला गुदगुल्या झाल्या आणि तो उठून बसला, त्यात एकीचे गुण गेले.

सुभद्राचे नाव पुकारले. ती दारातून आत आली आणि तिच्यामागे रंभाबाई. लुगडे नवे, डोक्याला तेल. पुष्पलताबाई पुढे झाल्या. रंभाबाई सगळ्यांना ऐकू येईल असे म्हणाल्या, "कोन्या परक्या मानसाचं आंग माही सून नाही पुसत. पुसायचंच हाये तं माहं पूस." आणि दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून, गुडघे सांभाळत चढल्या आणि सरळ पडल्या. मग डोके उचलून मला म्हणाल्या, "मास्तर, ते तुमचं डबडं दूर ठेवजा." कॅमेरा टेबलावर होता. मी पिशवीत टाकला.

पूर्वी मी त्यांच्याशी जे बोललो, जंतू वगैरे, त्याचा परिणाम झाला असावा, असे मला त्या क्षणी वाटले. अजूनही थोडे वाटते.

सुभद्रा घमेल्याकडे गेली. परीक्षक बाईंनी तिच्या हातांकडे पाहिले आणि पेन्सिल वर न उचलता म्हणाल्या, "बांगड्या." एवढेच.

सुभद्रा घमेल्यापाशी तशीच उभी. तिने पुष्पलताबाईंकडे पाहिले नाही. तिने पलंगाकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहत होतो, कारण मला दुसरीकडे पाहवेना. परीक्षक बाई म्हणाल्या, वेळ सुरू झाली आहे.

"इकडे ये वं," रंभाबाई म्हणाल्या.

सुभद्रा गेली. रंभाबाईंनी पडल्या पडल्याच साबण मागितला. सुनेचा डावा हात आपल्या पोटावर घेतला, मनगटाला साबण चोळला, अंगठा आत दाबला आणि एक बांगडी उतरवली. ती त्यांनी खाली ठेवली नाही. आपल्या हातात चढवली. मग दुसरी. एक उतरली की ती चढल्यावरच पुढची काढायची. काच कुठे टेकू दिली नाही. डावा झाला, उजवा झाला. त्यांची हाडे मोठी, बांगड्या पेराशी अडत होत्या, त्या दात खाऊन रेटत होत्या. परीक्षक बाईंनी पेन्सिल उचलली होती ती तशीच हवेत होती.

शेवटची चढली. रंभाबाईंनी दोन्ही हात अंगावर ठेवले. "आता पूस," त्या म्हणाल्या. "अन् पानी गरम घेजो."

सुभद्राने हात धुतले. तसेच, कोपरापर्यंत. मग तोंड पुसले, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेर. कानामागे. हातांशी आली तेव्हा तिने एक एक बांगडी उचलून तिच्याखालून ओले फडके फिरवले, मग कोरडे. हिरव्या बांगड्या कोपरापासून खाली दाटीने बसलेल्या, आणि त्यांच्यावरून तिचे मोकळे हात फिरत होते. पाय पुसताना रंभाबाईंचे डोळे मिटले. चादर बदलायला कुशीवर वळवले तर त्या घोरत होत्या. सुभद्राने त्यांना न उठवता चादर बदलली.

परीक्षक बाई उठून पलंगाशी आल्या. सुभद्राची नखे पाहिली, चादरीचे कोपरे पाहिले. रोग्याला काही त्रास झाला का, हे विचारावे लागते म्हणून रंभाबाईंना हलवले. त्या उठल्या. "पानी पायापर्यंत येता येता जरा निवलं," त्या म्हणाल्या. "बाकी पोरगी बरी हाये." परीक्षक बाईंनी कागदावर लिहिले आणि पुष्पलताबाईंकडे पाहून मान हलवली. उत्तीर्ण. पुष्पलताबाई पट्ट्यांच्या डब्याकडे वळल्या आणि बराच वेळ त्या डब्यात काही शोधत होत्या.

नंतर एक गोंधळ झाला. रंभाबाईंच्या हातातून बांगड्या निघेनात. साबण लावला, तेल लावले. पेरे सुजली होती. सुभद्रा जोर लावायला भीत होती. रंभाबाई म्हणाल्या, राहू दे, वाढवायच्या नाहीत, सकाळपर्यंत सूज उतरंन. मग सुभद्राने मोकळ्या हातांनी घरी कसे जायचे, हे सगळ्यांच्या एकदम लक्षात आले. भैयाजींनी रिक्षा बोलावतो म्हटले. पुष्पलताबाईंनी आपली शाल पुढे केली, हात झाकायला. रंभाबाईंनी दोन्हीला नाही म्हटले. कासाराचे दुकान गल्लीच्या तोंडाशीच आहे, चालत जाऊ, नव्या भरू.

मी दारापर्यंत गेलो. गल्लीत उन्हाला बायका बसल्या होत्या, गहू निवडणाऱ्या, लेकरांचे केस विंचरणाऱ्या. नवरात्रात मांडवात असलेल्या त्याच. सुभद्राने सवयीने हात पदराखाली घेतले. रंभाबाईंनी तिचे मनगट धरून पदराबाहेर काढले आणि तसेच धरून चालू लागल्या. गुडघ्यांमुळे त्या हळू चालत होत्या, आणि प्रत्येक पावलाला दोन जणींच्या बांगड्या एकीच्याच हातांत वाजत होत्या.

सुपात गहू घेतलेली एक म्हातारी पाहत राहिली. मग म्हणाली, "रंभे, सुनेचे हात मोकळे काहून वं?"

रंभाबाई थांबल्या. घाई नव्हती.

"तिच्यावाल्या माह्या हातात हायेत," त्या म्हणाल्या. "परीक्षा पास होऊन आली ते."